घोडनेर, दापोडी आणि हिवरे : इंग्रजी ग्रामदृष्टीचा विचार

१

भीमाशंकराच्या वाटेनें घोडेगांव मागें टाकलें म्हणजे घोड नदीच्या खोऱ्यांत शिनोली गांव लागतें. जुन्नरच्या बारा नेरांपैकीं घोडनेर म्हणतात तें हेंच खोरें. येथें उभें राहून पश्चिमेस पाहिलें असतां सह्याद्रीच्या रांगा, भाताचीं खाचरें, नाचणी-वरईचीं उतारावरील शेतें, हिरड्याचीं झाडें व महादेव कोळ्यांच्या वाड्या असा मुलूख सुरू होतो. पूर्वेस मंचरच्या अंगास उतरलें कीं विहिरी, मळे, कांदा व बटाटा यांचा मुलूख लागतो. एका नदीच्या कांठीं शेतीच्या या दोन तऱ्हा फार जुन्या काळापासून नांदत आल्या आहेत.

इ. स. १८१८ नंतर या दोन्ही मुलुखांची पाहणी, मोजणी आणि वर्णन इंग्रज अधिकाऱ्यांनीं केलें. पेशवाईनंतरच्या पहिल्या चाळीस वर्षांचा पुणें प्रांताचा इतिहास लिहावयाचा तर त्यांच्या रिपोर्टांवांचून गत्यंतर नाहीं. मात्र ते वाचतांना एक गोष्ट बहुधा विसरली जाते. हे लेखक आपल्या मनांत एक गांव घेऊन आले होते, आणि तें गांव ब्रिटनमधील होतें. तेथील जमीनदाराचा वाडा, त्याची बाग, कुळाची शेती आणि सामाईक कुरण यांची ओळख असल्याशिवाय त्यांच्या रिपोर्टांतील पुष्कळ शब्दांचा खरा अर्थ लागत नाहीं. व अर्थाच्या या अंतरामुळें आपल्या रयतेचें प्रत्यक्ष नुकसानहि झालें आहे. हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२

प्रथम तेथील स्थिति पाहूं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांतील शेती तीन थरांची झाली होती. जमिनीचा धनी मोठा जमीनदार. तो स्वतः नांगर धरीत नसे. त्याजकडून मुदतीच्या पट्ट्यानें जमीन घेऊन तींत भांडवल घालणारें मोठें कूळ हा दुसरा थर. आणि त्या कुळापाशीं रोजानें राबणारा मजूर हा तिसरा. पूर्वीं गांवच्या सामाईक कुरणावर गरिबाची गाय चरे व रानांतून त्यास सरपण मिळे. परंतु इ. स. १७५० ते १८५० या शंभर वर्षांत पार्लमेंटानें सुमारें चार हजार कायदे करून अशा जमिनींभोंवतीं कुंपणें घालण्यास परवानगी दिली. पिकांची वाढ झाली. गरिबाची गाय मात्र गेली.

जमीनदाराचा वाडा गांवापासून अंतरावर असे. त्याच्यासमोर हिरवळ, तळें व मोठमोठे वृक्ष यांची विस्तीर्ण बाग आणि मागील बाजूस भिंतीआड भाजीपाल्याचा मळा. वाड्यांतून दिसणारा देखावा निर्मळ राहावा म्हणून कधीं कधीं अख्खें गांव उठवीत. ऑक्सफर्डनजीक न्यूनम कोर्टनी येथें लॉर्ड हारकोर्ट यानें इ. स. १७६० नंतर असेंच केलें. जुनें गांव पाडून रयतेस हमरस्त्याच्या कडेला नवीन घरें बांधून दिलीं. बाग ही शोभेची वस्तु खरी, परंतु जमीन कोणाची व तिच्यावर कोणीं फिरावें हें सांगणारी ती एक सनदहि होती.

स्कॉटलंडांत याच काळीं शेतीसुधारणेचा मोठा उत्साह होता. सर जॉन सिंक्लेअर यानें नऊशेंहून अधिक धर्मग्रामांच्या पाद्र्यांकडे प्रश्नावली पाठवून जमीन, पिकें, गुरें, मजुरी व चालीरीति यांची माहिती गोळा केली, आणि ती इ. स. १७९१ ते १७९९ या काळांत एकवीस भागांत छापली. आपल्याकडे आलेले कित्येक प्रमुख अधिकारी याच देशाचे. एल्फिन्स्टन स्कॉटिश, सर जॉन माल्कम हा डम्फ्रीजशायरमधील बर्नफूट येथील एका कुळाचा मुलगा, ज्याचा पुढें विस्तारानें उल्लेख यावयाचा आहे तो डॉ. अलेक्झांडर गिब्सन किंकार्डिनशायरचा. खेडें म्हणजे प्रश्न विचारून समजून घेण्याची व नंतर सुधारण्याची वस्तु आहे, हा संस्कार घेऊनच ही मंडळी बोटींतून उतरली.

३

आतां शब्दांकडे वळूं. मराठी कागदांत जमिनीचे जिराईत व बागाईत असे भेद असतात, आणि बागाईताचे पुन्हां पाटस्थळ व मोटस्थळ असे पोटभेद. इंग्रजी रिपोर्टांत बागाईतास ‘गार्डन’ जमीन म्हटलेलें आढळतें. ऊंस, मिरची, कांदा यांच्या मोटेवरील वाफ्यास हा शब्द लावल्यानें लंडनमधील वाचकाच्या डोळ्यांपुढें निराळेंच चित्र उभें राहिलें असल्यास नवल नाहीं. संशोधकानें तो शब्द दिसतांच मनांत विहीर, मोट व बैलजोडी आणावी.

‘फार्मर’ हा शब्द याहून घोटाळ्याचा आहे. पट्ट्यानें जमीन कसणारें कूळ हा त्याचा एक अर्थ. ठरीव रक्कम भरून वसूल गोळा करण्याचा मक्ता घेणारा हा दुसरा. दुसऱ्या बाजीरावाच्या अमलांतील मामलतीच्या मक्त्यांबद्दल इंग्रज लेखक लिहितात तेव्हां त्यांस हा दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. तेथें ‘शेतकरी’ असें भाषांतर केल्यास सर्व वाक्याचा विपर्यास होतो. मक्तेदाराचा जुलूम शेतकऱ्याच्या माथीं बसतो.

‘गांव’ या शब्दाचेंहि असेंच आहे. इंग्रजी ‘व्हिलेज’ म्हणजे घरांची वस्ती. आपल्या गांवांत काळी व पांढरी दोन्ही येतात. शीव, गायरान, ओढे, देवस्थानें आणि बारा बलुतेदारांचे हक्क हें सारें मिळून गांव होतें. पुण्याजवळील लोणीचें वर्णन करणारा डॉ. थॉमस कोट्स यानें आपल्या निबंधाच्या मथळ्यांत ‘व्हिलेज’ न वापरतां ‘टाउनशिप’ हा शब्द योजला. शिवेच्या आंतील समग्र जमीन त्या शब्दांत येते. डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्यास हें अंतर तेव्हांहि दिसत होतें, याचा हा पुरावा समजण्यास हरकत नाहीं.

४

कोट्सचा हा निबंध इ. स. १८२० मध्यें मुंबईच्या लिटररी सोसायटींत वाचला गेला व १८२३ सालीं तिच्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या भागांत छापला गेला. घरांची बांधणी, भांडीं, पोषाख, अवजारें, गुरें, कर्ज, सणवार अशा बारीकसारीक गोष्टी त्यांत नोंदल्या आहेत. या पाहणीचें मोल असें कीं, डॉ. घुर्ये यांनीं सव्वाशें वर्षांनंतर त्याच लोणीकंद गांवाची पुन्हां पाहणी करून १९६० सालीं तुलनात्मक ग्रंथ लिहिला.

कोट्सनंतर कर्नल सायक्स. इ. स. १८२४ मध्यें एल्फिन्स्टननें त्यास मुंबई सरकारचा संख्यावृत्तलेखक नेमलें. दख्खनच्या चार कलेक्टोरेटांची माहिती जमविण्यासाठीं तो कित्येक वर्षें गांवोगांव हिंडला. धान्यें, फळें, पर्जन्य यांबरोबर पक्षी व मासे यांच्याहि याद्या त्यानें केल्या; त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ सालीं प्रसिद्ध झाली. इतिहासदृष्ट्या त्याचें महत्त्वाचें काम म्हणजे थळांचा शोध. गांवची जमीन जुन्या घराण्यांच्या नांवांच्या थळांत वांटलेली असते, आणि घराणें नष्ट झालें तरी थळाचें नांव राहतें, ही गोष्ट त्यानें थळझाड्यांवरून दाखविली. परंतु थळाचा अर्थ सांगतांना त्यानेंहि ‘इस्टेट’ हा शब्द घातला. इस्टेट म्हटली कीं एक धनी, त्याचीं कुळें व त्याचा वाडा हीं ओघानेंच येतात. आपल्या थळांत भाऊबंद असत, आणि मिरासदार स्वतः औत धरी. निरीक्षण अचूक, परंतु शब्द परका असा हा प्रकार आहे.

५

शब्द परका असला तर वाचक फसतो. सिद्धान्त परका असला तर रयत बुडते. याचें ठळक उदाहरण रॉबर्ट कीथ प्रिंगल याची मोजणी हें होय. प्रिंगल हा कंपनीच्या हेलीबरी येथील पाठशाळेंत तयार झालेला मुलकी अधिकारी. तेथें अर्थशास्त्र शिकविण्यास माल्थस होता. त्याच्या व रिकार्डोच्या मताप्रमाणें जमिनीच्या उत्पन्नांतून मजुरी, बीं-बियाणें व भांडवलावरील नफा वजा केला म्हणजे उरतें तें निव्वळ उत्पन्न. जमीनदारास मिळणारा खंड तो हाच. दख्खनेंत जमीनदाराच्या जागीं सरकार कल्पून त्या निव्वळ उत्पन्नाचे शेंकडा ५५ सरकारसारा म्हणून घ्यावे, असें प्रिंगलनें ठरविलें. इ. स. १८२४ ते १८२८ या काळांत मोजणी झाली व १८३० पासून तिचा अंमल सुरू झाला.

हा हिशेब इंग्लंडांतील तीन थरांच्या शेतीस धरून होता. तेथें मजुराची मजुरी, कुळाचा नफा व धन्याचा खंड हे तीन आंकडे तीन निरनिराळ्या इसमांच्या हातीं पडत. पुणें प्रांतांतील कुणबी स्वतःच मजूर, स्वतःच भांडवलदार, आणि मिरासदार असल्यास स्वतःच धनी. त्याच्या बायकामुलांच्या कष्टांची मजुरी कशी धरावी? गोठ्यांतील वासराचा खर्च कोणत्या रकान्यांत घालावा? हें ठरवितांना हजारों शेतांचे अंदाज कारकुनांच्या हातीं गेले. अंदाज चुकले, लांचलुचपत माजली, व सारा हलक्या जमिनीवर जड बसला. इंदापूर तालुक्यांत शेतें ओस पडलीं आणि कित्येक कुटुंबें निजामाच्या मुलखांत निघून गेलीं.

इ. स. १८३५-३६ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापुरांत जें काम केलें त्यांत हा सिद्धान्त बाजूस ठेवला. जमिनीचा रंग, पोत व खोली पाहून आणेवारी लावावयाची, मागील वसुलाचा अनुभव ध्यानांत घ्यावयाचा, व ठरलेला सारा तीस वर्षें बदलावयाचा नाहीं, अशी त्यांची पद्धत होती. काळी, तांबडी, बरड हे भेद कुणब्यास पूर्वींपासून ठाऊक होते. सरकारनें कुणब्याच्या डोळ्यांनीं जमीन पाहण्यास आरंभ केला तेव्हां घडी बसूं लागली.

६

आतां बागांकडे येऊं. मुळा व पवना यांच्या संगमाजवळ दापोडी येथें पेशव्यांच्या कवायती पलटणीचा अधिकारी कॅप्टन फोर्ड याची छावणी होती. इ. स. १८१७ च्या खडकीच्या लढाईंत ही पलटण दापोडीहूनच येऊन इंग्रजांस मिळाली. फोर्डचा तेथील बंगला माल्कमनें गव्हर्नर असतांना सरकारासाठीं घेतला आणि इ. स. १८२८ मध्यें त्याच्या आवारांत सरकारी वनस्पतिबाग काढली. पावसाळ्यांत गव्हर्नर येथें येऊन राहत. ब्रिटनमधील वाडा आणि बाग यांचें जोडपें पुणें प्रांतांत पहिल्यानें मांडलें गेलें तें असें.

आपल्याकडे बागा नव्हत्या असें मात्र समजूं नये. पुण्याचा हिराबाग पेशव्यांचा. जुन्नरजवळ हापूसबागेंतील हबशी महाल त्याहून जुना. परंतु दापोडीच्या बागेचा हेतु निराळा होता. परदेशचीं रोपें आणून तीं येथें वाढतात कीं नाहीं तें पाहावें, बीं व कलमें लोकांस वांटावीं, आणि त्यांतून शेती सुधारावी, असा तो होता. डॉ. विल्यमसन व डॉ. लश यांच्यानंतर इ. स. १८३८ मध्यें डॉ. गिब्सन तिचा मुख्य झाला. दापोडीच्या जोडीस जुन्नरकडे हिवरे येथें दुसरी बाग होती. तिच्यांत गुलाबांपेक्षां औषधांस महत्त्व होतें. खुरासानी ओवा व सोनामुखी यांची लागवड करून त्यांपासून औषधें तयार करीत व तीं मुंबई सरकारच्या वैद्यकीय कोठारास पुरवीत. ब्रिटनमधील भिंतीआडचा मळा जुन्नरच्या हवेंत येऊन पलटणीचा औषधी कारखाना झाला असें म्हणतां येईल.

या काळच्या प्रयोगांपैकीं कांहीं फसले. मुत्ती नांवाच्या इटालियन गृहस्थानें पुण्याजवळ कोथरूड येथें सरकारच्या आश्रयानें तुतीची लागवड करून रेशमाचा धंदा मांडला; तो टिकला नाहीं. कुणब्याच्या वर्षाच्या कामांत रेशमाच्या किड्यास जागाच नव्हती. उलट, बटाटा रुजला. त्याचें नांवच सांगतें कीं तो मराठींत पोर्तुगिजांकडून आला. उत्तरेकडील आलू हें नांव आपण घेतलें नाहीं. इंग्रजी छावण्यांनीं त्यास गिऱ्हाईक दिलें, आणि जुन्नर, खेड व आंबेगांव या पट्ट्यांतील मळेकऱ्यानें त्यास आपल्या पाळींत बसविलें. आज मंचरच्या दक्षिणेकडील सातगांव पठारावर पावसाळी बटाटा हें मुख्य पीक आहे. कोणतें रोप राहावयाचें हें शेवटीं शेतकऱ्याच्या वाफ्यांत ठरलें.

दापोडीच्या बागेचें एक चिरस्थायी स्मारक आहे. इ. स. १८४७ ते १८५० या सुमारास एका पोर्तुगीज-हिंदी चित्रकाराकडून तेथील वनस्पतींचीं चित्रें काढविण्यांत आलीं. त्यांपैकीं १७१ चित्रें एडिंबरोच्या वनस्पतिबागेंत जतन केलेलीं असून, हेन्री नोल्टी यांनीं २००२ सालीं त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. डॅल्झेल व गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ १८६१ चा. त्यांत कांहीं वनस्पतींचीं देशी नांवेंहि आहेत. तीं सांगणारे येथील रहिवासी होते हें उघड आहे. गिब्सनचें नांव ग्रंथावर राहिलें, चित्रकाराचें चित्रावर राहिलें नाहीं, आणि रोपांस पाणी घालणाऱ्या माळ्यांचें तर कोठेंच नाहीं. दापोडीची बाग इ. स. १८६५ च्या सुमारास मोडली. गणेशखिंडीची बाग १८७३ सालीं सुरू झाली.

७

इ. स. १८४७ मध्यें गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनरक्षक झाला व १८६० पर्यंत त्या जागेवर राहिला. सह्याद्रीवरील रान तोडल्यानें झरे आटतात व खालचीं गांवें पाण्यावांचून पडतात, असें त्यानें कोंकणांतील उदाहरणांवरून सरकारास वारंवार लिहिलें. १८५१ सालीं ब्रिटिश असोसिएशनपुढें आलेल्या जंगलनाशाविषयींच्या अहवालांत त्याच्या माहितीचा उपयोग केलेला आहे. झाड व झरा यांचा संबंध इतक्या लवकर ओळखणाऱ्या या मनुष्यास न्याय दिला पाहिजे.

परंतु या विचाराचें कायद्यांत रूपांतर झालें तेव्हां जुनी कुंपणाची कल्पना पुन्हां डोकावली. १८६५ व १८७८ च्या जंगल कायद्यांनीं राखीव रानें झालीं. डोंगरच्या लोकांच्या दृष्टीनें रान हें शेतीचें अर्धें अंग होतें. भात व नाचणीचीं रोपें करण्यासाठीं झाडांच्या डहाळ्या, पाला व शेण पसरून जाळावयाचें, यास राब म्हणतात. राब बंद झाला म्हणजे रोप नाहीं, आणि रोप नाहीं म्हणजे पीक नाहीं. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील अशा गाऱ्हाण्यांमुळेंच १८८५ सालीं मुंबई सरकारास जंगल कमिशन नेमावें लागलें. डहाळी तोडणारा हा रानाचा शत्रु, ही दृष्टि जमीनदाराच्या बागेंतून आलेली आहे. तीच फांदी दर वर्षीं पुन्हां फुटावी म्हणून झाड राखणारा शेतकरी त्या दृष्टीस दिसत नाहीं.

रान राखणें ही गोष्ट येथें नवी नव्हती. आंबेगांव तालुक्यांतच, घाटमाथ्यावरील आहुपे येथें देवराई आहे. देवाच्या नांवानें राखलेल्या अशा रायांकडे वर्तक व गाडगीळ यांच्या १९७६ सालच्या लेखानें विद्वानांचें लक्ष वेधलें. फरक इतकाच कीं, देवराईची शीव गांवानें घातलेली असते, आणि राखीव रानाची सरकारनें.

८

हा सर्व विचार केवळ जुन्या कागदांपुरता नाहीं. वनहक्कांविषयींचा २००६ चा कायदा आल्यापासून डोंगराळ भागांतील गांवांस रानावरील आपल्या जुन्या वहिवाटीचा दावा मांडतां येतो. त्या कायद्याच्या २००८ च्या नियमांप्रमाणें गॅझेटियर, मोजणी व जमाबंदीचे रिपोर्ट, नकाशे हे पुराव्यांत धरले जातात. तसेंच दावेदाराखेरीज अन्य वृद्ध माणसांचें लेखी घेतलेलें निवेदनहि धरलें जातें. म्हणजे दीडशें-दोनशें वर्षांपूर्वीं एखाद्या साहेबानें वापरलेला शब्द आजहि घोडनेरच्या वरल्या अंगाच्या वाड्यांच्या भाकरीशीं निगडित आहे. गायरानास कोणीं ‘पडीक’ लिहिलें असेल, राबाच्या जागेस कोणीं ‘तोडलेलें रान’ म्हटलें असेल. तो शब्द तसाच उतरून घेणारा संशोधक नकळत एका पक्षाची साक्ष देत असतो.

यास्तव इंग्रजी रिपोर्ट हातीं घेणारानें तीन गोष्टी पाळाव्या असें आम्हांस वाटतें. पहिली, जमिनीविषयींचा प्रत्येक इंग्रजी शब्द मूळ मराठी शब्दापर्यंत मागें न्यावा. दुसरी, लेखकानें प्रत्यक्ष पाहिलेलें आणि त्यावरून अनुमानिलेलें हीं वेगळीं करावीं. कोट्स, सायक्स व गिब्सन यांचें पाहणें बहुधा खरें असतें, अनुमान तपासावें लागतें. तिसरी, त्याच गांवचे थळझाडे, ताळेबंद व महजर शेजारीं ठेवल्याशिवाय निर्णय देऊं नये.

डिंभ्याच्या धरणाखालीं जुनें आंबेगांव बुडालें, आणि तालुक्यास ज्या गांवानें नांव दिलें तें आतां पाण्यांत आहे. गांव बुडालें तरी त्याची शीव, थळें व वहिवाट कागदांत आणि वृद्धांच्या तोंडीं राहतात. शिनोली-घोडेगांवच्या परिसरांतील कुलकर्णी-पाटील घराण्यांच्या माळ्यांवर व पेट्यांत जे रुमाल असतील ते सोडवून त्यांची यादी करणें, आणि वरच्या वाड्यांतील म्हाताऱ्या माणसांकडून रानाच्या वाटा, झरे व राबाच्या जागा लिहून घेणें, हें काम त्या त्या गांवच्या सुशिक्षितांनीं अंगावर घ्यावें. इंग्रजांनीं आपलें गांव मनांत ठेवून आमचें गांव लिहिलें. आमचें गांव आम्हींच लिहावयाचें काम पुष्कळ शिल्लक आहे.